संगणकातील दफ्तर आणि राष्ट्राची स्मृती

(शासकीय अभिलेखांचे जतन या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



पुण्यातील पेशवे दफ्तराचे नाव महाराष्ट्रातील शिकलेल्या माणसाला अपरिचित नाही. तेथे कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कोणत्या गावाने किती सारा भरला, कोणत्या मोहिमेचा खर्च किती झाला, कोणत्या देवस्थानाला काय नेमणूक होती, कोणत्या वतनाचा वाद कसा मिटला, असा एका राज्याचा अवघा संसार त्या कागदांत उतरलेला आहे. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्याआधी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांत हिंडून कागद मिळवीत होते आणि १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. मराठी राज्य १८१८ मध्ये गेले, पण दफ्तर राहिले. म्हणूनच त्या राज्याची कहाणी केवळ जेत्यांच्या लेखणीतून ऐकण्याची पाळी महाराष्ट्रावर आली नाही.

राज्य चालविणाऱ्याने लेखन सांभाळले पाहिजे, ही जाण या भूमीला फार जुनी आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत दोन पदे मुख्यतः लेखनाशी निगडित होती. सचिव म्हणजे सुरनीस यांच्याकडे राजपत्रांची व हिशेबांची तपासणी असे, आणि मंत्री म्हणजे वाकनीस यांच्याकडे महाराजांच्या दैनंदिन व्यवहाराची नोंद असे. तलवार आणि लेखणी ही राज्याची दोन अंगे आहेत, असे मानणारी ती व्यवस्था होती.

आता एक प्रश्न विचारला पाहिजे. आजपासून दीडशे वर्षांनी एखादा अभ्यासक २०२० सालच्या भारताचा इतिहास लिहावयास बसला, तर त्याच्यापुढे कोणते दफ्तर असेल? आज मंत्रालयांतील टिपणी संगणकावर लिहिली जाते, संमती संगणकावर दिली जाते, पत्र ई-मेलने जाते. गेल्या दीड दशकात केंद्राच्या आणि अनेक राज्यांच्या कार्यालयांत ‘ई-ऑफिस’ रुजले. लाल फितीत बांधलेली फाईल जवळजवळ दिसेनाशी झाली. याचे स्वागतच केले पाहिजे. काम वेगाने होते, फाईल कोणाच्या मेजावर किती दिवस पडून होती हे कळते, कागद गहाळ झाल्याची सबब चालत नाही. परंतु ज्या फाइली कायमच्या जपून ठेवावयाच्या आहेत, त्यांचे पुढे काय होते? त्या राष्ट्राच्या अभिलेखागारापर्यंत पोहोचतात काय, आणि पोहोचल्या तरी शंभर वर्षांनी वाचता येतील काय? आजच्या विवेचनाचा हा विषय आहे. तो वरवर पाहता कार्यालयीन आणि रुक्ष वाटेल, पण त्याच्याशी राष्ट्राच्या स्मृतीचा संबंध आहे.

कागद सोसतो, संगणक सोसत नाही

कागद मोठा सोशिक आहे. त्याला पोटमाळ्यावर टाका, पन्नास वर्षे विसरून जा. वाळवी आणि पाणी यांपासून तो बचावला तर उघडणाऱ्याच्या डोळ्यांना तो दिसतो. संगणकातील अभिलेखाचे तसे नाही. तो विस्मरण सोसत नाही. तो वाचण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी शाबूत असाव्या लागतात : ज्या फितीवर, तबकडीवर किंवा चकतीवर तो आहे ते माध्यम, ते माध्यम वाचणारे यंत्र, त्या फाइलीचा प्रकार ओळखणारी संगणक-प्रणाली, आणि ती फाईल कोणाची, कशाची, केव्हाची हे सांगणारी नोंद. यांतील एक दुवा तुटला की उरलेले तीन निरुपयोगी होतात.

मराठी माणसाला हे मोडी लिपीच्या उदाहरणावरून सहज उमगावे. पेशवे दफ्तरातील कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे, भाषाही आपलीच आहे. परंतु मोडी व्यवहारातून मागे पडली आणि तो कागद सर्वसामान्य मराठी वाचकाला परका झाला. आज मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. संगणकाच्या जगात अशी ‘मोडी’ दर दहा-पंधरा वर्षांनी जन्मते आणि मावळते. युनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वी मराठीत निरनिराळ्या संस्थांचे निरनिराळे टंक वापरात होते. त्या काळात टंकलिखित केलेली एखादी मराठी फाईल आज तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे उमटतात. अनेक मराठी मुद्रकांनी, संपादकांनी आणि कार्यालयांतील लिपिकांनी हा अनुभव घेतला आहे. मोडीला मावळावयास निदान काही पिढ्या लागल्या. या टंकांचे आयुष्य एका पिढीतच संपले.

परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेच्या १९६० च्या जनगणनेतील काही संकलित माहिती त्या काळच्या युनिव्हॅक संगणकाच्या फितींवर होती. १९७० च्या दशकात ती कायम जतन करावी असे ठरले, तेव्हा त्या फिती वाचणारी यंत्रे कालबाह्य झालेली होती. मोठ्या खटाटोपाने बहुतेक माहिती वाचविण्यात यश आले, पण थोडा भाग कायमचा गेला. घरोघरची मूळ उत्तरे सूक्ष्मपटावर घेतलेली होती म्हणून अनर्थ टळला. ब्रिटनमधील प्रसंग तर बोधकथेसारखा आहे. १०८६ साली त्या देशात जमीन-महसुलाची ‘डूम्सडे बुक’ नावाची मोठी नोंदवही तयार झाली. तिच्या नवव्या शताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने देशाची नवी नोंदवही लेसर तबकड्यांवर तयार केली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि विद्यापीठांतील तज्ज्ञांना त्या वाचविण्यासाठी स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावा लागला. मूळ चर्मपत्रावरील नोंदवही मात्र ९०० वर्षांनंतरही वाचता येत होती.

आणि अगदी अलीकडची घटना. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरातल्या शासकीय माहिती केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. शासकीय कर्मचारी आपल्या कामाच्या फाइली ज्या सामाईक साठवणुकीत ठेवीत, ती ‘जी-ड्राइव्ह’ नावाची व्यवस्था जळून गेली. तीत ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची प्रत दुसऱ्या कोठेही नव्हती. जगातील अत्यंत प्रगत अशा संगणक-साक्षर देशात हे घडले. मुंबईच्या मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत माणसे दगावली आणि असंख्य फाइली भस्मसात झाल्या. त्यानंतर, संगणकावर आणले की सारे सुरक्षित, असे वाटणे स्वाभाविक होते. कोरियाच्या आगीने त्या समजुतीचेही उत्तर दिले. आगीला कागद आणि संगणक असा भेद नसतो. एकाच ठिकाणी ठेवलेली एकच प्रत असुरक्षितच असते, मग ती रुमालात असो वा सर्व्हरमध्ये.

कायदा काय सांगतो?

भारतात या विषयाची चौकट तयार आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ११ मार्च १८९१ रोजी कोलकात्यात ‘इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख जी. डब्ल्यू. फॉरेस्ट हे त्यापूर्वी मुंबई इलाख्याच्या दफ्तराचे संचालक होते. राजधानी दिल्लीला हलल्यानंतर ल्युटेन्स यांनी आखलेल्या इमारतीत १९२६ मध्ये या दफ्तराला घर मिळाले. स्वातंत्र्यानंतर त्याचे ‘भारतीय राष्ट्रीय अभिलेखागार’ झाले आणि त्याचे पहिले संचालक सुरेन्द्रनाथ सेन होते. हे सेन मराठ्यांच्या प्रशासनव्यवस्थेवरील ग्रंथाचे कर्ते म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत.

१९९३ मध्ये संसदेने सार्वजनिक अभिलेख अधिनियम संमत केला. या कायद्यातील अभिलेखाची व्याख्या दूरदृष्टीची आहे. दस्तऐवज, हस्तलिखित, फाईल, सूक्ष्मपट यांच्या बरोबरीने संगणकाने किंवा अन्य यंत्राने निर्माण केलेली सामग्री हीसुद्धा सार्वजनिक अभिलेखच होय, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे संगणकातील फाईल हा कच्चा कागद आहे, त्यामुळे ती पुसली तरी चालेल, असे म्हणावयास कोणा अधिकाऱ्याला जागा नाही. प्रत्येक अभिलेख-निर्मात्या कार्यालयाने एक अभिलेख अधिकारी नेमावयाचा आहे. विहित पद्धतीखेरीज कोणताही अभिलेख नष्ट करता येत नाही. १८९२ पूर्वीचा अभिलेख तर, तो पूर्णतः निकामी झाला असल्याचा अभिलेखागार-प्रमुखाचा निर्वाळा असल्याखेरीज, नष्टच करता येत नाही. नियम मोडून अभिलेख नष्ट करणाऱ्यास किंवा अनुमतीविना देशाबाहेर नेणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महाराष्ट्राने २००५ चा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही केला आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने याला आणखी एक अट जोडली. इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे वापरता येईल अशा स्थितीत, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखविणाऱ्या स्वरूपात, आणि तो कोठून आला, कोठे गेला, केव्हा गेला या तपशिलासह राखला पाहिजे.

केंद्रीय सचिवालयाच्या ई-कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेने फाइलींचे दोन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गातील, म्हणजे ऐतिहासिक महत्त्वाच्या व कायम जतन करावयाच्या ई-फाइली दहा वर्षे विभागाच्या सर्व्हरवर राहतील आणि त्यानंतर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सर्व्हरवर जातील. दुसऱ्या वर्गातील फाइली दहा वर्षे ठेवावयाच्या आहेत, आणि त्यांपैकी एखादी त्याहून अधिक काळ लागणार असेल तर तिला पहिल्या वर्गात घ्यावयाचे आहे. या नियमाचे साधे गणित मांडले तर प्रश्नाची निकड कळते. जी कार्यालये २०१५ च्या सुमारास संगणकावर आली, त्यांच्या पहिल्या पिढीच्या फाइलींची दहा वर्षे आता भरली आहेत. पाठवणीची वेळ दारात येऊन उभी आहे.

पाठवणी म्हणजे नक्कल नव्हे

मग यात अवघड ते काय, असे कोणी विचारील. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर प्रत करावी, झाले! पण मुलीला सासरी पाठविताना नुसते गाडीत बसवून देत नाहीत. तिच्याबरोबर तिची माणसे, तिचे सामान आणि तिची ओळख जाते. अभिलेखाचेही तसेच आहे.

पहिली पायरी निवडीची. सारेच जपावयाचे म्हटले तर काहीच जपले जात नाही. रजेचे अर्ज आणि लेखनसाहित्याची मागणीपत्रे मुदत संपताच काढून टाकावीत. धोरण कसे ठरले, कोणी विरोध केला, कोणत्या कारणाने निर्णय फिरला, हे सांगणारी फाईल राखावी. ही निवड फाईल बंद होताना किंवा त्याहूनही आधी व्हावी लागते, कारण दहा वर्षांनी तिचे महत्त्व जाणणारा अधिकारी त्या खुर्चीत नसतो.

दुसरी पायरी ओळखीची. कागदी फाइलीच्या पाठीवर विभाग, क्रमांक आणि वर्ष लिहिलेले असते. समासात अधिकाऱ्याची शेरेबाजी असते, सही असते, तारीख असते. संगणकात ही माहिती फाइलीपासून वेगळ्या तक्त्यांत साठविलेली असते. तिला मेटाडेटा म्हणतात. टिपणी कोणी लिहिली, कोणी वाचली, केव्हा पुढे गेली, तिला कोणते पत्र जोडलेले होते, ही माहिती बरोबर गेली नाही तर अभिलेखागारात पोहोचेल तो केवळ शब्दांचा ढीग. ज्या कागदाचा धनी, काळ आणि संदर्भ सांगता येत नाही, त्याची साक्ष इतिहासही मानत नाही आणि न्यायालयही.

तिसरी पायरी स्वरूपाची. एखाद्या कंपनीच्या खासगी प्रणालीतच उघडणारी फाईल त्या कंपनीबरोबर वार्धक्याला जाते. म्हणून ज्यांचे नियम जगाला खुले आहेत अशा स्वरूपांत अभिलेख आणावे लागतात. दीर्घकाल जतनासाठी ‘पीडीएफ-ए’ हे स्वरूप २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले. लागणारे टंकही त्यात फाइलीच्या पोटातच ठेवलेले असतात. जुन्या मराठी फाइलींची जी दशा झाली, ती या एका नियमाने टळली असती.

चौथी पायरी अस्सलपणाची. प्रत्येक फाइलीवरून गणिती रीतीने एक छोटी अंकमुद्रा काढता येते. तिला ‘हॅश’ म्हणतात. फाइलीतील एक स्वल्पविराम बदलला तरी ही मुद्रा पूर्णतः बदलते. विभागाने पाठविताना काढलेली मुद्रा आणि अभिलेखागाराने स्वीकारताना काढलेली मुद्रा तंतोतंत जुळली, तरच वाटेत काही बदलले नाही असे म्हणता येते. पूर्वी पत्रावर शिक्का मोर्तब होत असे, त्याचेच हे नवे रूप आहे. ही तपासणी एकदा करून भागत नाही. पुढेही ठरावीक काळाने करावी लागते, कारण माध्यमे निःशब्दपणे झिजत असतात. डिजिटल स्वाक्षरीचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांत संपते, पण ज्या आदेशावर ती स्वाक्षरी आहे तो पन्नास वर्षे टिकावयाचा असतो. स्वाक्षरी केली त्या दिवशी ती वैध होती, याचा पुरावाही आदेशाबरोबर जपावा लागतो. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फार मोठा लाभ आहे. पण जमिनीचे वाद तीन-तीन पिढ्या चालतात हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्या समाजाला या पुराव्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

पाचवी पायरी पोचपावतीची. अभिलेखागाराने सर्व फाइली तपासून स्वीकारल्याचे कळविल्याखेरीज विभागाने आपली प्रत पुसता कामा नये. आणि अभिलेखागाराने त्यांच्या निदान दोन-तीन प्रती परस्परांपासून दूरच्या ठिकाणी ठेवल्या पाहिजेत. या साऱ्या व्यवस्थेचा आराखडा जगात नव्याने शोधावयाचा नाही. अंतराळ-संशोधन संस्थांनी उपग्रहांची माहिती जपण्यासाठी तो आखला आणि २००३ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला.

इतरांनी काय केले?

अमेरिकेत या प्रश्नाची तड न्यायालयात लागली. १९८६ मध्ये इराण-काँट्रा प्रकरण उघडकीस आले, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतील ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी आपले संगणकीय संदेश मोठ्या संख्येने पुसले. पण राखीव फितींवर ते शिल्लक होते आणि चौकशीत पुरावा ठरले. पुढे जानेवारी १९८९ मध्ये, रेगन यांची कारकीर्द संपताना, हे संदेश नष्ट होऊ नयेत म्हणून पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, संदेशाची कागदी प्रत काढून ठेवल्याने मूळ संगणकीय अभिलेख जपण्याचे दायित्व संपत नाही; कारण तो कोणी, कोणाला, केव्हा पाठविला हे कागदावर उतरेलच असे नाही. त्यानंतर त्या देशाने क्रमाक्रमाने पावले टाकली. २०१९ च्या आदेशाने, २०२२ अखेर नंतर राष्ट्रीय अभिलेखागार विभागांकडून कायम अभिलेख केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आणि मेटाडेटासह स्वीकारील, असे ठरले. तयारी अपुरी पडली, तेव्हा मुदत ३० जून २०२४ पर्यंत वाढविण्यात आली. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्येच धोरण आखून, २०१६ पासून संगणकावर निर्माण झालेले अभिलेख संगणकीय रूपातच द्यावेत असा दंडक घातला. ब्रिटनने २०१० च्या कायद्याने अभिलेख सोपविण्याची मुदत ३० वर्षांवरून टप्प्याटप्प्याने २० वर्षांवर आणली.

या तिन्ही देशांच्या अनुभवातून एक गोष्ट निघते. निश्चित तारीख ठरल्याखेरीज विभाग हलत नाहीत. तारीख चुकली तर ती एकदा वाढविता येते, पण तारीखच नसेल तर काम उद्यावर जाते आणि संगणकाच्या जगात ‘उद्या’ फार महाग असतो.

भारताची बलस्थाने आणि उणिवा

भारताकडे या कामाचे ज्ञान नाही, असे मुळीच नाही. आणि त्यात पुण्याचा वाटा अभिमानास्पद आहे. पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेत डिजिटल जतनाचे उत्कृष्टता केंद्र उभे राहिले. तेथे ‘डिजिटालय’ ही प्रणाली घडली, आणि ई-शासनातील अभिलेखांच्या जतनासाठी कोणती माहिती नोंदवावी याचे भारतीय मानक २०१३ मध्ये अधिसूचित झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या दृक्-श्राव्य संग्रहाने याच प्रणालीच्या आधारे २०१७ मध्ये विश्वासार्ह डिजिटल संग्रहाचे ‘आयएसओ १६३६३’ हे प्रमाणपत्र मिळविले. असे प्रमाणपत्र मिळविणारा तो जगातील पहिला संग्रह ठरला. ज्या शहरात मोडीचे रुमाल जपले गेले, त्याच शहरात नव्या दफ्तराची विद्या तयार झाली, हा योग सुखद आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘अभिलेख पटल’ या द्वारे जुने कागद जगभरच्या अभ्यासकांना घरबसल्या पाहावयास खुले केले आहेत.

परंतु जुन्या कागदांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर ठेवणे आणि संगणकावरच जन्मलेल्या फाइली विभागांकडून मिळविणे, ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्यात मूळ कागद हाताशी असतो. दुसऱ्यात मूळ म्हणून जे आहे, ते विभागाच्या सर्व्हरवर आहे; ते आले नाही तर काहीच आले नाही.

आणि विभाग कागदसुद्धा पाठवीत नव्हते, ही खरी वेदना आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनी एका कार्यशाळेत जाहीरपणे सांगितले की, १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांचे, तसेच हरितक्रांतीचे अभिलेख अभिलेखागाराकडे नाहीत. केंद्राची १५१ मंत्रालये आणि विभाग असताना त्यांपैकी केवळ ३६ मंत्रालयांचे व विभागांचे अभिलेख तेथे आहेत, असेही त्यांनी सांगितले. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाचे पूर्व विभागीय मुख्यालयातील अनेक अभिलेख नष्ट झाल्याचे वृत्त २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होते. ज्या युद्धाने उपखंडाचा नकाशा बदलला, ज्यात भारतीय जवानांनी प्राण वेचले, त्या युद्धाच्या कागदांची ही अवस्था! हौतात्म्य पत्करलेल्या जवानाचा नातू उद्या विचारील की, आजोबांची तुकडी त्या रात्री कोठे होती, आदेश कोणी दिला, कुमक का पोहोचली नाही. त्याला उत्तर देणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे. पराभवाच्या कारणांचा कागद नसेल, तर पराभवापासून शिकावयाचे कसे?

या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल जून २०२१ मध्ये पडले. संरक्षण मंत्रालयाने युद्धे व लष्करी मोहिमांच्या अभिलेखांविषयी धोरण मंजूर केले. युद्ध-इतिहासाचे संकलन पाच वर्षांत पूर्ण करावयाचे आणि अभिलेख साधारणतः २५ वर्षांत गोपनीयतेतून मोकळे करावयाचे, असे त्यात ठरले. हे आवश्यकच होते. कारण १९९३ च्या कायद्यानुसार गोपनीयतेचा शिक्का असलेला अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपविताच येत नाही. शिक्का काढण्याचे काम विभागाचे. ते त्याने केले नाही तर फाईल तेथेच पडून राहते. कागदाच्या बाबतीत अशी दिरंगाई पन्नास वर्षांनंतरही भरून काढता येई. संगणकीय फाईल मात्र शिक्का काढण्याची वाट पाहत असतानाच वाचता न येण्याच्या अवस्थेस पोहोचू शकते.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. देशाच्या सुरक्षेची गुपिते एकत्र करून एका जागी ठेवणे धोक्याचे नाही काय? धोक्याचे आहेच, आणि म्हणूनच जतन आणि प्रकटन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. फाईल सुरक्षित जपली जावी ही निकड आजची आहे. ती अभ्यासकाला केव्हा दाखवावी हा निर्णय पुढचा आहे. गुप्त फाइली मंत्रालयाच्या स्वतःच्या कडेकोट व्यवस्थेत राहोत, पण त्या व्यवस्थेलाही जतनाचे तेच नियम लागू झाले पाहिजेत. गुपित राखणे आणि गुपित नष्ट होऊ देणे यांत फार मोठे अंतर आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. साठवणूक स्वस्त झाली आहे, जतन मात्र स्वस्त नाही. त्याला प्रशिक्षित माणसे आणि दरवर्षी पैसा लागतो. पण हरवलेल्या फाइलीची किंमत राष्ट्र प्रत्येक वादात, प्रत्येक न्यायालयात आणि प्रत्येक सीमाप्रश्नात चुकवीत असते.

समाजाचे काम

हे सारे शासनाचे काम आहे, असे म्हणून समाजाने हात झटकू नयेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि व्यवस्थित ठेवले पाहिजेत. आपल्या नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत, विद्यापीठात अभिलेख अधिकारी कोण आहे, कायम जतनाच्या ई-फाइलींची यादी झाली आहे काय, त्यांची दुसरी प्रत कोठे आहे, हे तीन प्रश्न कोणताही नागरिक विचारू शकतो. प्रश्न विचारले गेले की याद्या होतात, हा अनुभव आहे. शासकीय सेवेत असलेल्या कार्यकर्त्याने आणि अधिकाऱ्याने तर हे स्वतःच्या मेजापासून आरंभावे. निर्णय झाला की त्याची कारणे टिपणीत नीट लिहावीत. महत्त्वाचा आदेश दूरध्वनीवर किंवा भ्रमणध्वनीच्या संदेशात देऊन थांबू नये, तो फाइलीवर आणावा. जी गोष्ट लिहिलीच गेली नाही, ती कोणतेही अभिलेखागार जपू शकत नाही.

संस्थांनीही स्वतःकडे पाहावे. शाळा, वसतिगृहे, सहकारी बँका, पूर आणि भूकंपात धावून जाणारी सेवाकार्ये यांची इतिवृत्ते आज कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये किंवा भ्रमणध्वनीत आहेत. तो कार्यकर्ता पालटला की ती नाहीशी होतात. वर्षातून एकदा महत्त्वाच्या फाइली खुल्या स्वरूपात आणून, त्यांची यादी करून, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे एवढे कोणत्याही संस्थेला जमण्याजोगे आहे. खासगी संग्रहही राष्ट्रीय अभिलेखागाराला देणगीरूपाने देता येतात, अशी तरतूद १९९३ च्या कायद्यातच आहे.

ज्या पिढीने मोडीचे रुमाल वाळवीपासून वाचविले, तिच्याजवळ साधने तुटपुंजी होती. राजवाड्यांनी आयुष्य झिजवून कागद गोळा केले, कारण ते विखुरले होते आणि नष्ट होत होते. आज साधने विपुल आहेत, कायदा आहे, मानक आहे, पुण्यात तयार झालेली विद्या आहे. उणीव आहे ती ठरलेल्या तारखेची आणि ती पाळून घेणाऱ्या जागरूकतेची. कागदाच्या युगातील चुका दुरुस्त करावयास पुढे कोणी राजवाडे, कोणी सरदेसाई जन्माला आले. पुसल्या गेलेल्या फाइलीचा शोध घ्यावयास मात्र कितीही मोठा संशोधक जन्माला आला, तरी त्याच्या हाती काही लागणार नाही. म्हणून हे काम पुढच्या पिढीवर सोपविता येणारे नाही. ते याच पिढीला, याच दशकात करावे लागेल.